थारचे विशेष आभार

आमच्या रायगडातल्या कुठल्याही गाण्याचा व्हिडिओ लावा. पहिले दहा सेकंद तुम्ही आकाशात असता. खाली समुद्र, माडाच्या बागा, मधून गेलेला रस्ता आणि त्यावर एक काळी थार. मग कॅमेरा खाली येतो, थारचं दार उघडतं, आधी बूट दिसतो, मग घड्याळ, मग गॉगल आणि अगदीच नाइलाज झाला की गायक.

या आकाशवारीमागे कला नाही, कायदा आहे. 2021च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचं ड्रोन उडवायला चालकाचा परवाना लागत नाही. बाजारात 249 ग्रॅमची ड्रोनं होतीच, आणि उरणपासून श्रीवर्धनपर्यंत प्रत्येक दिग्दर्शकाची घार झाली. घारीला वरून सगळं सुंदरच दिसतं. कचऱ्याचा ढीगसुद्धा वरून रांगोळीसारखा दिसतो.

गाणी मला आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गडब गावात राहून आगरी-कोळी गाण्यांना नावं ठेवणाऱ्याला हळदीचं आमंत्रण येत नाही, आणि हळदीच्या मटणाची किंमत मला माहीत आहे. ठेका चांगला असतो, बेंजो तर फारच चांगला असतो, पोरापोरींचे आवाज मोकळे असतात. माझं भांडण आहे ते फक्त चित्राशी. माझं स्पष्ट मत असं, की आपल्याकडचे निम्मे व्हिडिओ फोन उपडा ठेवून ऐकावेत.

पुण्या-मुंबईच्या पोरानं गच्चीवर गिटार घेऊन गाणं केलं की वर्तमानपत्रं त्याला ‘इंडी’ म्हणतात आणि अर्धं पान देतात. पेण-रोह्याच्या पोरानं कंपनीशिवाय, पदरच्या पैशानं, भिंतीला गादी टेकवून खोलीत गाणं रेकॉर्ड केलं, तर ते ‘लोकल’. खर्च दोघांचाही स्वतःचा, तोटाही स्वतःचाच. फरक एवढाच की पहिल्याचा व्हिडिओ मुद्दाम धुरकट असतो आणि दुसऱ्याचा मुद्दाम चकचकीत.

एके काळी हा मामला कंपन्यांच्या हातात होता. 1995 साली अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं, बिड्डूचं संगीत, आणि लाकडी खोक्यातून बाहेर पडला मिलिंद सोमण. 1998 साली मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या ‘गारवा’नं मराठी कॅसेटवाल्यांना पाऊस विकता येतो हे दाखवून दिलं. 2002 साली वैशाली सामंतच्या आवाजात आणि अवधूत गुप्तेच्या संगीतात ‘ऐका दाजिबा’ आलं, त्याच्या व्हिडिओत मिलिंद गुणाजी. म्हणजे इंडीपॉपच्या त्या सात वर्षांत मराठी माणसाचं योगदान मुख्यतः मिलिंद नावाखाली जमा झालं. तेव्हा व्हिडिओ टीव्हीवर लागावा म्हणून कंपनी लागायची, वाहिनी लागायची, ओळख लागायची. आता 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास पाहिलं गेल्याची नोंद झाली की यूट्यूब जाहिरातीतला वाटा देऊ लागतं. त्यामुळे मिलिंद नसला तरी चालतो, थार मात्र लागते.

कोळीगीतांचं तर आणखीच मजेशीर. ‘मी डोलकर’ लिहिलं शांता शेळक्यांनी, चाल हृदयनाथांची, गायलं लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी. चौघांपैकी एकानंही डोल नावाची जाळी टाकली नव्हती. हेमंतकुमार बंगाली, मंगेशकर मूळचे मंगेशीचे, तेव्हा मासळीशी संबंध होता तो ताटापुरता. तरी गाणं किनाऱ्यावर रुजलं, ते कोळ्यांनी आपलं म्हटलं. मग वेसाव्याच्या ‘वेसावकर आणि मंडळी’नं कॅसेटच्या जमान्यात हिशोब उलटवला. ज्यांची होडी त्यांचाच आवाज. आणि आता आमच्या पोरांनी तो पुन्हा उलटवला आहे. आवाज आपला, बोली आपली, पण चित्र मात्र कुणा पाहुण्यानं काढल्यासारखं.

याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. आपल्याकडे गाण्याचा व्हिडिओ काढतो कोण? लग्नाचं शूटिंग करणारा. कॅमेरा त्याचा, गिंबल त्याचा, ड्रोन त्याचं, एडिटिंगचा संगणक त्याच्या दुकानात. तुळशीच्या लग्नानंतर तो नवरा-नवरी घेऊन काशिदच्या समुद्रकिनारी जातो आणि प्री-वेडिंग काढतो: ती पळते, तो मागे पळतो, ओढणी उडते, दोघं थांबून एकमेकांकडे असं बघतात की जणू पत्रिका जुळवायला कुणी गेलंच नव्हतं. पावसाळ्यात लग्नं नसतात. मग तोच माणूस गायक आणि हिरॉइन घेऊन त्याच काशिदला जातो आणि तेच काढतो. ओढणीसुद्धा बहुधा तीच. पुढच्या सीझनला नवरा-नवरी त्याला तो गाण्याचा व्हिडिओ दाखवतात आणि सांगतात, भाऊ, आम्हाला अस्सं पाहिजे. आता प्री-वेडिंग गाण्यासारखं दिसतं आणि गाणं प्री-वेडिंगसारखं, आणि कुणी कुणाचं लग्न लावलं हे कळायला मार्ग उरलेला नाही.

मी त्या फोटोग्राफरला दोष देत नाही. त्याचं पोट लग्नावर आहे, आणि लग्नात नवरीचा मामा वाईट दिसून चालत नाही. माणूस गोरा करायचा, आभाळ निळं करायचं, वायर पुसायची, ही त्याच्या धंद्याची शिस्त. ती शिस्त तो गाण्यातही पाळतो. त्यामुळे नाखवा दर्यावरून परततो तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. टोपलीतली पापलेटं बर्फाच्या पेटीतून थेट आलेली. नऊवारी नेसलेली पोरगी टोपली अशी धरते की टोपलीलाच संकोच वाटावा. माझ्या ओळखीतल्या कुठल्याही मासळीवालीनं ती टोपली बघितली तर आधी भाव विचारील आणि मग पोरीला दोन शब्द सुनावील.

मुळात गडबला समुद्रच नाही. खाडी आहे, खाजण आहे, खारबंदिस्ती आहे, गुडघाभर चिखल आहे. आमचा आगरी माणूस भाताचा आणि मिठाचा. पण भातखाचरात गुडघाभर रुतलेला हिरो कुणाला हवा असतो? म्हणून गडबचं पोरगं तास-दीड तास गाडी हाकत काशिदला जातं, तिथे पुण्याहून आलेल्या पर्यटकांच्या फोटोत न येण्याची कसरत करतं आणि पांढऱ्या वाळूवर उभं राहून आपल्या गावाच्या मातीवर गातं.

त्याच्या दारात काय आहे ते बघा. वडखळ सोडलं की डोलवीचा पोलाद कारखाना, रात्री आभाळ तांबडं करणारा. अंबा नदीत भरतीबरोबर खनिज घेऊन सरकणारे बार्ज, वाकलेल्या म्हाताऱ्यासारखे नव्हे तर चक्क तालुक्याच्या मालकासारखे. शिफ्ट सुटल्यावर हेल्मेटं हातात घेऊन हायवेच्या कडेला उभी असलेली कंत्राटी पोरं, ज्यांच्यातलीच चार जण संध्याकाळी बेंजो पार्टीत वाजवतात. असलं दृश्य फुकट मिळतंय म्हटल्यावर गोऱ्या साहेबाच्या देशातला दिग्दर्शक विमानाचं तिकीट काढून आला असता. आमचा दिग्दर्शक तिथून थारची काच वर करून काशिदला जातो. विचारलं तर म्हणतो, काका, ते डल दिसतं.

आणि रस्ता! मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर टप्पा, 84 किलोमीटर, चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत गेलेलं पोरगं एव्हाना स्वतःचं चॅनेल काढून बसलं. एवढा दीर्घकाळ चाललेला, एवढ्या पात्रांचा, धूळ-चिखल-डायव्हर्जन असा ऋतुमानानुसार पोशाख बदलणारा दुसरा विषय जिल्ह्यात नाही. व्हिडिओत मात्र थार धावते ती एका नितळ रस्त्यावरून. हा रस्ता नेमका कुठला, याचा शोध सार्वजनिक बांधकाम खात्यानंही घ्यावा, त्यांच्याही उपयोगी पडेल.

खड्ड्यावर गाणं चालत नाही असं म्हणाल, तर 2017 आठवा. मुंबईत रेडिओवरच्या मलिष्कानं ‘सोनू’ या तेव्हा गाजत असलेल्या गाण्याच्या चालीवर महापालिकेला खड्ड्यांबद्दल चार टोमणे मारले. व्हिडिओत ना समुद्र ना ड्रोन. पालिकेला ते इतकं झोंबलं की नगरसेवकांनी 500 कोटींच्या अब्रूनुकसानीची भाषा केली, आणि पालिकेचे लोक तिच्या घरी जाऊन डासांच्या अळ्या शोधून आले. अळ्या सापडल्या, नोटीस निघाली. हायवेच्या खड्ड्यांवर जीव खाऊन एक चांगलं गाणं झालं, तर गडबमधली निदान डासांची तपासणी तरी वेळेवर होईल.

एका प्रकारापुढे मात्र मी हात जोडतो. बैलगाडीची गाणी. 2021च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि बैलांवरच्या गाण्यांना पूर आला. त्यांतला नायक कॅमेऱ्याकडे बघत नाही, ओठ हलवत नाही, गॉगल घालत नाही. त्याला पळायचं असतं, तो पळतो. मालकाच्या डोळ्यांत जे दिसतं ते कुणी शिकवलेलं नसतं. धूळ उडते ती खरी, लेन्सवर बसते तीही खरी. इंडी व्हिडिओत मी पाहिलेला सर्वांत सच्चा अभिनय बैलाचा आहे, आणि हे मी कुणाला खिजवायला म्हणत नाही. बरं, थोडंसं खिजवायलाही.

हळदीच्या गाण्यांचंही असंच होऊ शकतं. दादूस, म्हणजे गायक संतोष चौधरी, अंगभर सोनं घालून मांडवात उभा राहिला की त्याला ड्रोन लागत नाही. 2021 साली तो ‘बिग बॉस मराठी’च्या घरात गेला तोही तसाच, सोन्यासकट. मांडवातल्या बायका, पेंगुळलेली पोरं, नाचून घामाघूम झालेला नवरदेवाचा काका, हे सगळं तिथे आयतं असतं. ते गाळून लोक रिसॉर्टच्या हिरवळीवर भाड्याची पिवळी फुलं मांडून हळद काढतात, तेव्हा मला त्या काकाबद्दल वाईट वाटतं.

आणि हळदीवरून धवलारीण आठवते. आगरी-कोळ्यांत एके काळी लग्न लावायला भटजीची वाट बघत नसत, धवलारीण असायची. मांडव, हळद, अंतरपाट, प्रत्येक विधीला तिचं गाणं, म्हणजे धवला, पाठ, सलग, तासन् तास. तिच्या चालीत पंधरा सेकंदांचा हुक नसतो, म्हणजे रील होत नाही. पण त्यातली एखादी ओळ कुणाच्या तरी कानात अडकते, तिच्याखाली ढोलाचा ठेका जातो, आणि चार महिन्यांनी ती सुपरहिट गाणं म्हणून परत येते.

म्हणून मी व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो, नामावलीसाठी. ती वाचनीय असते. निर्माता अमुक, सहनिर्माता त्याचा मेहुणा, ज्यांच्या वाढदिवसाला गाणं प्रदर्शित झालं ते मान्यवर, मेकअप, केटरिंग, ड्रोन, सरपंच, रिसॉर्टचे मालक. गीतकार केटरिंगनंतर. ‘विशेष आभार’ या सदरात पहिलं नाव थारच्या मालकाचं. संगीताच्या रकान्यात संगीतकाराचं नाव ठसठशीत, आणि त्याच्या खाली, फोन डोळ्यांना लावला तर दिसेल अशा अक्षरांत, ‘पारंपरिक’.

धवलारणीचं नाव घालायला काय हरकत होती, असं मी एका पोराला विचारलं. तो म्हणाला, काका, थारवाल्याचं घालावंच लागतं. गाडी संध्याकाळी परत द्यायची असते.