पुणे-कोल्हापूर आकाशमार्ग: उंब्रज-अधिकरण

मीमांसकांच्या शिस्तीत अधिकरणाची अंगे पाच: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. यज्ञात कोणती समिधा कधी टाकावी यावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खल केला. विमानाचा विषय मात्र राहून गेला. ती उणीव येथे भरून काढत आहोत.

विषय. पुण्याचे लोहगाव आणि कोल्हापूरचे उजळाईवाडी हे दोन्ही विमानतळ मूळचे 1939 सालचे. त्यांच्यामधले सरळ अंतर सुमारे 216 किलोमीटर, म्हणजे 117 सागरी मैलांच्या आसपास. ही रेघ वाटेतल्या उंब्रज गावाच्या थोडी पूर्वेकडून जाते.

संशय. पृथ्वी गोल असल्याने ‘सरळ’ रेघही वाकडीच. मग खरे अंतर कोणते? आम्ही जमिनीतून आरपार बोगदा कल्पून हिशेब केला. बोगदा उंब्रजजवळ जवळपास साडेआठशे मीटर खोल जाईल आणि अंतर वाचेल दहा मीटर, जेमतेम एका एसटीची लांबी. एवढ्यासाठी कृष्णा-तारळीच्या संगमाखाली सुरुंग लावू नयेत, असे आमचे मत आहे.

पूर्वपक्ष. वेगवादी म्हणतात, एटीआर विमान ताशी पाचशे किलोमीटरने जाते, म्हणजे सव्वीस मिनिटांत काम फत्ते. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढण आणि उतरण धरूनही पाऊण तास. हे गणित बिनचूक आहे.

उत्तरपक्ष. गणित बिनचूक, पण प्रवासी कुठला? तो उंब्रजचा असेल तर कोल्हापूरला उडत जाण्यासाठी त्याला आधी कोल्हापूरकडे पाठ फिरवावी लागेल. सातारा, खंबाटकी, कात्रज करत लोहगावपर्यंत रस्त्याने दीडशेच्या आसपास किलोमीटर. तिथे दोन तास आधी हजेरी. मग आपल्याच गावाजवळून उडत उजळाईवाडी. शंभराच्या आतले अंतर कापायला साडेतीनशेच्या वर किलोमीटर आणि जवळजवळ सहा तास! एवढ्या वेळात एसटीने कोल्हापूरला जाऊन, अंबाबाईचे दर्शन घेऊन, तांबडा-पांढरा ओरपून माणूस परतीच्या गाडीत बसलेला असतो.

येथे कोणी दृष्टान्त मागेल, तर तो गावातच आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजचा. मारुतिरायांनी शंभर योजने समुद्र ओलांडला तो जिथे उभे होते तिथूनच, महेंद्र पर्वतावरून. आधी उलट्या दिशेला दीडशे किलोमीटर जाऊन रांगेत उभे राहिल्याचा उल्लेख रामायणात नाही. उड्डाणाला बळ लागते हे खरेच. पण ते पायाखालच्या जमिनीवरून घेता आले, तरच अंतर वाचते.

निर्णय. 216 किलोमीटर हे माप ग्राह्य आहे. त्याची मालकी मात्र दोन टोकांना राहणाऱ्यांची. मधल्या गावांसाठी वेळेचे माप निराळे: गाडी पुलावरून जाणार की खालून, फाट्यावर थांबणार की नाही. विमान या मार्गावर रोज उडते की नाही, हा प्रश्न म्हणूनच आम्ही गौण मानला आहे. ज्यांचे समाधान झाले नसेल त्यांनी कोल्हापूरच्या गाडीत चढून कंडक्टरपुढे हा वाद मांडावा. तो सगळे शांतपणे ऐकून घेईल आणि सुट्टे मागेल.