ओवीतलं नाव

जात्यावरची ओवी आता अंगठ्यानं वर सरकवता येते. सासुरवाशिणीच्या डोळ्यांत माहेरची वाट जेमतेम उतरते, तोच खालून कुणीतरी मिसळीचं ताट घेऊन वर येतं. खरं तर हे गाणं पहाटेच्या अंधारातलं. दोन दगडांच्या घरघरीआड बसून सासूचं गाऱ्हाणं मांडावं आणि शेजारच्या खोलीत निजलेल्या सासूला त्यातला सूर तेवढा कळावा, शब्द कळू नयेत, अशी त्याची सोय होती. मोबाइलमध्ये ती घरघर गाळून टाकलेली असते, त्यामुळे गाऱ्हाणं लख्ख ऐकू येतं. आमच्या ओळखीच्या कराडच्या एका सासूबाईंनी तर ते मोठ्या कौतुकानं घरच्या ग्रुपवर पाठवलं. सुनेनं खाली नुसते जोडलेले हात टाकले.

त्याच ओवीचं रिमिक्सही निघतं. मागं हलगी, कीबोर्ड, आणि ओवी रंगात येत असतानाच ढगातून आकाशवाणी व्हावी तसा एक घोगरा आवाज कोसळतो, ‘डीजे अमका, सातारा!’ ऐकणारा दचकतो. पण ही खोड आजची नाही. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी तमाशाच्या नादानं घर सोडून पठ्ठे बापूराव झाले, आणि शाहिरांच्या रीतीप्रमाणे लावणीच्या शेवटी आपलं नाव गुंफून मोकळे झाले. डीजेला शेवटापर्यंत दम निघत नाही, एवढाच काय तो फरक.

याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. तिकडून आपल्याकडं आलेल्या गाण्याचं नशीब मात्र वेगळं. नेक्रासोव या कवीनं १८६१ साली खेडोपाडी माल विकत हिंडणाऱ्या फेरीवाल्यांवर एक दीर्घ कविता लिहिली. तिचा एक तुकडा लोकांनी गाऊन गाऊन लोकगीत करून टाकला, आणि पुढं ती चाल टेट्रिस या खेळात शिरली. आता ती ऐकली की सांगलीतल्या पोरालाही वरून पडणाऱ्या विटाच आठवतात. फेरीवाला गवंडीकामाला लागला, आणि कवीचं नाव वाटेत कुठंतरी गळून पडलं.

ओवीत नावांना तोटा नसतो. भाऊ, लेक, भाचा, पंढरीचा विठोबा, सगळे त्यात सुखानं नांदतात. आईकडून आलेल्या ओवीतलं मामाचं नाव काढून तिथं आपल्या भावाचं घालायचं, की ओवी आपली झाली. म्हणजे रिमिक्स काही डीजेनं शोधलेलं नाही. फक्त या सगळ्या नावांच्या गर्दीत जातं ओढणारी स्वतःचं नाव सहसा घालत नाही. वाळवा तालुक्यातल्याच बागणीच्या सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे असल्या गाण्यांचे ग्रंथच्या ग्रंथ काढले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव बसून लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या काही ऐकायला मिळतात. तिथं ओवीखाली गाणारणीचं नाव असतं आणि गावही. भावाला घोड्यावर बसवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला असं अचानक स्वतःचं नाव दिसलं, तर ती आधी पदर सावरत असेल, असं मला उगाच वाटतं.

शेजारच्या आक्कांना मी मुद्दाम दोन्ही ऐकवलं. मूळ ओवी त्यांनी मान हलवत ऐकली, मधे एक ओळ आपल्या पदरची घातली. रिमिक्स मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकलं.

“जातं लई घाईनं वडतोय ह्यो. पीठ जाडंभरडं पडंल,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “कुणाचा म्हणायचा रं ह्यो पोरगा?”