हक्कांसाठी अनुदान : नवशिक्यांकरिता पाच पायऱ्या

मुळशी तालुक्यात कोणाला लोकशाही आणि मानवी हक्कांवर काम करण्याची हुक्की आलीच, तर त्याने पुढील सूचना क्रमाने पाळाव्यात.

१. नोंदणी करा. सात जण जमवा, संस्था काढा, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय गाठा. मग आयकर खात्याकडची नोंदणी आणि देणगीदारांच्या करसवलतीची मान्यता. एवढ्यात हुक्की ओसरली, तर पुढची पायरी वाचायचे कारण नाही.

२. शब्द जपून वापरा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्याला लावायला सांगितले. त्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, खेळ सगळे आहे, 'लोकशाही' नाही. तेव्हा ग्रामसभेत प्रश्न विचारायला शिकवणार असाल, तर अर्जात 'क्षमतावर्धन' लिहा.

३. परदेशी पैसा हवा? त्याचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला. सध्याचा २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत उतरतो. कार्यालयीन खर्च वीस टक्क्यांच्या आत. शेजारच्या छोट्या संस्थेला त्यातला रुपया देता येत नाही. खाते तालुक्याच्या गावी पौडला, पण वाट दिल्लीवरून.

४. अंतर मोजा. ही पायरी सर्वांत महत्त्वाची. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसाठी गांधीजी लढत होते, तेव्हा सर रतन टाटांनी १९०९ पासून एकूण सव्वा लाख रुपये दिले. हक्कांसाठी देणगी कशी द्यावी, याचा तो नमुनाच. त्यांच्या नावाचा ट्रस्ट १९१९ चा. टाटा पॉवर कंपनीही १९१९ चीच. तिच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह मांडला. तात्पर्य : सत्याग्रह दात्याच्या धरणापासून जितका लांब, तितके अनुदान जवळ.

५. अहवाल द्या. 'तीन वर्षांत काय साधले?' हा रकाना रिकामा ठेवू नका. मुळशीचा अहवाल असा झाला असता : कालावधी १९२१ ते १९२४, घोषणा 'जान किंवा जमीन', पुण्याच्या सावकारांनी जमिनींचा मोबदला घेतला, नेते पांडुरंग महादेव बापट तुरुंगात, धरण झाले, पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरून मुंबईची वीज झाले. शेरा : उद्दिष्ट असाध्य, पुढचा हप्ता रोखावा.

त्याच लढ्याने बापटांना 'सेनापती' केले, आणि धरणग्रस्तांच्या लढ्यांचा इतिहास आजही मुळशीपासून सुरू होतो. अर्ज जरूर करा. पण लढा हप्त्याची वाट बघत थांबवू नका.