दोन श्री

आमच्या घरी पूजेच्या कलशात टाकायला एक शिवराई आहे, शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा. सुपारी दरवर्षी नवी, पैसा तोच. यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी आईनं तो चिंच लावून लख्ख घासला आणि मला हाक मारली, "अरे, यावर दोन श्री आहेत, की माझा मोतीबिंदू?"

भिंग आणून पाहिलं. खरंच दोन श्री! एक ठसठशीत, त्याच्यामागून डोकावणारा दुसरा पुसट.

चुकीचं नाणं लाखांत जातं, हे मी ऐकून होतो. १९५५ साली अमेरिकेत एका सेंटच्या ठशातच अक्षरं दुहेरी उठली होती. त्या ठशातून पडलेल्या सेंटसाठी संग्राहक अजून झुरतात. मग महाराजांच्या नावाचा पैसा काय कमी आहे? हे नाणं १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेतल्या कुणाच्या तरी कनवटीतून वसईला आलं असणार, हे मी ठरवूनही टाकलं. विरारच्या वन बीएचकेचं उरलेलं कर्ज मनात फेडलं, उरलेल्या पैशात खिडक्यांना ग्रिल बसवलं आणि दुपारीच वसईत एका नाणीवाल्या काकांकडे गेलो.

काकांनी नाणं हातात घेतलं. "घासलं कुणी?"

"आईनं. चिंचेनं."

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अहो, तो काळसरपणा म्हणजे नाण्याचं वय. तुम्ही त्याची हजामत केलीत." मग भिंग लावून म्हणाले, "दुदांडी आहे. पेशवाईतली."

"बघा! रेघासुद्धा दोन!"

"त्या मुद्दामच दोन असतात. म्हणून तर दुदांडी."

एक आशा मावळली. मी श्रीकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, त्यावर तांब्याची चकती, वरचा ठसा हातात आणि मग घण. पहिला घाव बसला, चकती सरकली, दुसरा बसला. झाले दोन श्री. ठसा बिचारा निर्दोष आहे."

"मग किंमत?"

"शिवराईची असते ती. वजा चिंच."

शिवराई १६७४च्या राज्याभिषेकापासून पडू लागली आणि पेशवाई बुडाल्यावरही बाजारात चालत राहिली. ठसे हातानं कोरायचे, म्हणून कुठं 'शिव', कुठं 'सिव', कुठं 'पति', कुठं 'पती'. काका अशा ठशांची वही ठेवतात. नवा ठसा सापडला की त्यांना नातू झाल्यासारखं होतं. ह्याच ऱ्हस्व-दीर्घासाठी शाळेत मी छड्या खाल्ल्या. टांकसाळीत असतो तर माझा स्वतंत्र प्रकार नोंदला गेला असता.

"यंत्राच्या नाण्यातही हीच गंमत," काका रंगात आले. "ठसा सैल असला की ठोका बसतानाच थरथरतो आणि अक्षराच्या कडेला सपाट पायरी पडते. ठशातच दोष असेल, तर दुसरं अक्षरही पहिल्यासारखंच उठावदार, गोलाईचं दिसतं आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तसंच येतं. तेव्हा पायरी दिसली की नाणं खिशात घालायचं आणि वडापाव खायचा."

मी शेवटचा प्रयत्न केला. "आणि 'छत्रपति'तला 'ति' कुठं गेला?"

"ठसा मोठा, चकती लहान. मावला नाही."

हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही. पंचवीस वर्षं मी विरार लोकलच्या चौथ्या सीटवर बसतोय. निम्मा मी कायम चकतीबाहेर असतो. परतताना तर तीही मिळाली नाही. नालासोपाऱ्याला मागून पहिला धक्का बसला, मी सरकलो, तेवढ्यात दुसरा. पुढच्या गृहस्थांनी वळून रागानं पाहिलं. ठसा निर्दोष आहे, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

घरी आई वाटच पाहत होती. "काय निघालं?"

"काही नाही गं. दोनदा ठोकलंय."

"मग पक्कं असेल," म्हणत तिनं शिवराई उचलून कलशाशेजारी ठेवली. "आणि ऐक, चिंच उरलीय. आमटीत घालते."