चोराला वाट, वारसाला कुलूप

सोसायटीचा खजिनदार बदलला की नव्या माणसाला पावतीपुस्तकं मिळतात, चेकबुक मिळतं, रबरी शिक्काही मिळतो. मेंटेनन्सच्या एक्सेल फाईलचा पासवर्ड तेवढा मिळत नाही. जुने खजिनदार मुलीकडे कॅनडाला गेलेले असतात आणि आपण फोन करावा तेव्हा तिथे नेमकी मध्यरात्र असते. मग अंदाजपंचे दाहोदरसे! नातीचं नाव टाकून बघा. स्कूटरचा नंबर टाका. साईबाबा आणि पुढे एक-दोन-तीन?

गंमत अशी की, एक्सेलमध्ये मुख्य कुलपं दोन असतात आणि आपण हमखास चुकीचं लावतो. ‘प्रोटेक्ट शीट’ हे पहिलं. ते म्हणजे बागेतली ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी. सज्जन थांबतात, बाकीचे फुलं नेतात. हे सुरक्षेसाठी नाहीच, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. २०१० पर्यंतच्या एक्सेलमध्ये तर तुमचा लांबलचक पासवर्ड अवघ्या १६ बिटांत कोंबला जाई. त्यामुळे मूळ पासवर्ड शोधायची गरजच नसे. ‘ए’ आणि ‘बी’ची अदलाबदल करत जास्तीत जास्त १,९४,५६० जुळण्या लावून बघणारा मॅक्रो चालवायचा, त्यातली एखादी लागू पडायचीच. २०१३ पासून हे गणित अवघड केलं, पण मागचं दार उघडंच राहिलं. एक्सएलएसएक्स फाईल ही मुळात झिप फाईल. ती झिप म्हणून उघडायची, आतल्या शीटमधला प्रोटेक्शनचा एक टॅग पुसायचा आणि पुन्हा बांधायची. झालं काम! एवढं कॉलेजातल्या पोराला येतं. येत नाही ते अकाउंट्समधल्या मॅडमना, आणि अडतात त्याच.

दुसरं कुलूप फाईल उघडतानाच पासवर्ड मागतं. ते खरं. आतला सगळा मजकूर सांकेतिक होतो. पासवर्ड विसरलात तर तो आम्हालाही काढून देता येणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने आधीच हात वर करून सांगितलंय. साहजिकच हे भक्कम कुलूप आपण सहलीच्या वर्गणीला लावतो आणि पगारपत्रकावर पाटी.

त्यातून कोणी पगारपत्रकालाही खरं कुलूप लावलंच, तर किल्ली त्याच ईमेलात जाते. वर फाईल, खाली ‘पासवर्ड पुढीलप्रमाणे’, आणि सीसीमध्ये अख्खं ऑफिस. सरकारही फार मागे नाही. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. ही माहिती आपल्याकडे कुठल्याही वधूवर सूचक मंडळात मिळते, सोबत गोत्र आणि रासही.

थोडक्यात, चोराचं कुठेच अडत नाही. अडतो तो वारस : नवा खजिनदार, बदलीवर आलेला क्लार्क, नवऱ्याच्या पश्चात गुंतवणुकीची फाईल उघडू पाहणारी बायको.

उपाय साधा आहे. शीटच्या पाटीवर भिस्त ठेवू नका, मोलाच्या फाईलला उघडतानाचा पासवर्ड लावा, तो फोनवरून सांगा आणि एक प्रत बंद पाकिटात सेक्रेटरीच्या कपाटात ठेवा. पुढच्या सर्वसाधारण सभेत असा ठराव मांडून बघा. ‘म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?’ असं कोणीतरी ताडकन उठून विचारेलच. सांगा त्यांना, काका, विश्वास पुरेपूर आहे. तुमच्या स्मरणशक्तीवर नाही.