इंधननळीचे लेपनशास्त्र

मोटारीच्या इंधननळीला जेथे जेथे आट्यांचा जोड असतो, तेथे तेथे काहीतरी लावलेच पाहिजे, ही श्रद्धा गॅरेजांतील कारागिरांत आणि गॅरेजबाहेर ताटकळणाऱ्या मालकवर्गात इतकी खोल रुजलेली आहे की, त्या जोडाला काही लावण्याची गरज आहे काय, हा प्रश्न बहुधा पेट्रोल दुसऱ्यांदा गळू लागल्यावरच विचारला जातो, आणि तेव्हाही त्याचे उत्तर ‘आणखी लावा’ असेच मिळते. लेपनद्रव्यांची यादी मोठी आहे: प्लंबरचा सफेदा आणि धागा, पांढरी टेफ्लॉन टेप, शेलॅक, एम-सील, सिलिकॉनची ट्यूब, आणि यांपैकी काहीच जवळ नसेल तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी. यांत साबण हाच सर्वांत कमी अपराधी ठरतो. कारण तो पेट्रोलमध्ये विरघळत नाही, टाकीच्या बारीक चिरेवर चोळला असता पुढच्या गावापर्यंत निभावून नेतो, आणि आपण कायमचा इलाज असल्याचा दावा करीत नाही.

या श्रद्धेची चिकित्सा करावयाची तर आट्यांचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिला प्रकार समांतर आट्यांचा, म्हणजे ज्यांची जाडी पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत सारखीच राहते अशांचा. यांत आतल्या आणि बाहेरच्या आट्यांमध्ये थोडी फट असते, आणि ती असावीच लागते, अन्यथा नट फिरणारच नाही. साहजिकच मळसूत्राच्या त्या वळणावळणाच्या वाटेने पेट्रोल सावकाश बाहेर येऊ शकते. परंतु ते आट्यांपर्यंत पोहोचूच नये अशी व्यवस्था मुळात केलेली असते. नळीचे तोंड कर्ण्यासारखे उमलवून ते शंकूवर बसवितात, त्याला फ्लेअर म्हणतात. किंवा पोकळ बोल्टच्या दोन्ही बाजूंस तांब्याचे वायसर देतात, त्याला बँजो म्हणतात. किंवा रबराची ओ-रिंग घालतात. या तिन्ही ठिकाणी गळती अडविण्याचे काम अनुक्रमे शंकू, वायसर आणि रबर करतात, आट्यांनी फक्त आवळायचे असते. अशा आट्यांवर टेप गुंडाळणारा कारागीर कुलूप तसेच उघडे ठेवून बिजागरीला तेल घालीत असतो, आणि तीच टेप घसरून शंकूवर गेली तर धातूला धातू टेकत नाही व पूर्वी न गळणारा जोडही गळू लागतो.

फ्लेअरच्या बाबतीत आणखी एक घोटाळा संभवतो. साध्या मोटारींत हा शंकू ४५ अंशांचा असतो, तर विमानांतून शर्यतीच्या मोटारींत आलेल्या जोडांत तो ३७ अंशांचा असतो. हा ८ अंशांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पेट्रोलला मात्र लगेच दिसतो.

दुसरा प्रकार निमुळत्या आट्यांचा. यांत दर १६ मिलिमीटर लांबीमागे व्यास १ मिलिमीटरने वाढत जातो, त्यामुळे जोड आवळत नेला की आटे एकमेकांत पाचरीसारखे घट्ट बसतात. तरीही एका आट्याचा माथा आणि दुसऱ्याचा तळ यांच्यामध्ये केसाएवढी पोकळी उरते, आणि लेपनद्रव्याचे खरेखुरे निमंत्रण असलेली जागा हीच होय. येथेही ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन घराणी आहेत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचविलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकनांचा ६० अंशांचा. आणि अष्टमांश इंच या नावाने विकल्या जाणाऱ्या मापात (जे प्रत्यक्षात मोजल्यास १० मिलिमीटरच्या आसपास भरते, परंतु त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही) ब्रिटिश जोडात इंचामागे २८ आटे असतात, अमेरिकन जोडात २७. पहिले काही फेरे दोघेही इतक्या सौजन्याने फिरतात की उपस्थितांना काम झाल्यासारखेच वाटते. त्यानंतर खरा स्वभाव कळतो, आणि तोपर्यंत पान्याला हातभर नळी लावून जोर केलेला असल्यामुळे माघार घेण्याची सोय उरलेली नसते.

सर्वांत लोकप्रिय द्रव्य जी टेफ्लॉन टेप, तिचे मूळ द्रव्य रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला ६ एप्रिल १९३८ रोजी अकल्पितपणे सापडले. सिलिंडरचे वजन भरत होते, पण झडप उघडूनही वायू येईना, म्हणून सिलिंडर कापून पाहिला तेव्हा आत पांढरी भुकटी निघाली. ज्या पदार्थाचे दर्शनच आतले बाहेर न आल्यामुळे घडले, त्याने पुढे कार्बोरेटरच्या वाटेत तीच परंपरा चालवावी, हे त्याच्या चरित्राशी सुसंगतच म्हटले पाहिजे. टेपचा कातरलेला तुकडा पेट्रोलबरोबर वाहत जातो, आणि आयडलिंगच्या जेटचे, म्हणजे मोटार उभी असताना इंजिनाला पेट्रोल पुरविणाऱ्या छिद्राचे, भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे तेथे तो मुक्काम करतो. शिवाय टेप निसरडी असल्याने जोड हाताला सैल भासतो, म्हणून तो अधिक आवळला जातो, आणि कार्बोरेटरच्या मऊ धातूला तडा जातो. मग त्या तड्यावर एम-सील लावतात.

पाणी न गळणाऱ्या जोडातून पेट्रोल का पाझरते, याचे उत्तर असे की, पेट्रोलचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश असतो व ते पाण्याहून पातळही असते. परंतु न दिसणारी गळती याहून कपटी असते. प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर यांसारख्या मोटारींत टाकी मागे आणि यांत्रिक पंप पुढे इंजिनावर असल्यामुळे मधली सारी नळी ओढीखाली असते. तेथील जोड सैल झाला तर चालू गाडीत पेट्रोल सहसा बाहेर न येता हवा आत जाते, जमीन कोरडी राहते, आणि मोटार बोरघाटात थांबते. तेथे या घटनेचे निदान ‘पेट्रोलची वाफ झाली’ असे करून पंपावर ओले फडके टाकतात; इंजिन तेवढ्या वेळात थंड होऊन कधीकधी सुरूही होते, त्यामुळे फडक्याची कीर्ती वाढते आणि सैल जोड सुखरूप राहतो.

सिलिकॉन पेट्रोलने फुगते, एवढे सांगून ते सोडून द्यावे. शेलॅकचे प्रकरण मात्र रसाळ आहे. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्याने झाडाच्या फांदीवर स्रवलेली राळ. दुर्योधनाने पेटावे म्हणून घर ज्या लाखेचे बांधविले, तीच पुढे पेट्रोल पेटू नये म्हणून जोडांना लावण्यात आली आणि तिने ते काम इमानाने केले, कारण लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही. ती विरघळते अल्कोहोलमध्ये. २०२५ साली भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे, म्हणजेच अल्कोहोलचे, प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले, आणि उसाच्या मळीने लाखेचा जुना हिशेब चुकता करण्यास प्रारंभ केला.

निमुळत्या आट्यांसाठी आज योग्य ठरते ते हवेवाचून घट्ट होणारे द्रव्य. या जातीच्या द्रव्यांचा व्यापारी पाया हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातील प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५० च्या दशकात घातला. हवा लागत असेपर्यंत ते पातळ राहते आणि धातूच्या दोन पृष्ठांमध्ये कोंडले की घट्ट होते. पहिले एक-दोन आटे कोरडे सोडावेत, इंधनास चालणारेच द्रव्य घ्यावे, आणि पूर्ण घट्ट होण्यास बहुधा २४ तास द्यावेत, इतकीच त्याची अपेक्षा असते; त्यांतील शेवटची अपेक्षा पुरी होत नाही, कारण ते बसले की नाही हे पाहण्यासाठी मालक जोड अर्धा फेरा सैल करून पाहतो. बाटलीतच ते घट्ट होऊ नये म्हणून उत्पादक ती मुद्दाम अर्धवट भरतात आणि वरच्या भागात हवा ठेवतात. सुट्या भागांच्या दुकानांत या विषयावरील चर्चा त्यामुळे रसायनशास्त्राकडे न वळता मापात मारण्याकडे वळते, आणि ग्राहक पूर्ण भरलेली बाटली दाखवा असा आग्रह धरून शेवटी टेफ्लॉन टेपचे रीळ घेऊन जातो.