नवी रायफल, जुनी बनियन

सर्वांत आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना काहीतरी कामाला लावून बाहेर पाठवा. नवी रायफल घरात आली आहे आणि तिला तेल लावायचं आहे एवढं कळलं, की ज्यांनी जन्मात टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही हाताळलेलं नाही त्यांनाही कंठ फुटतो. आमच्याकडे आईने खोबरेल पुढे केलं. सासरे एरंडेलावर ठाम होते. शेजारच्या अण्णांनी माळ्यावरून रॉकेलची बाटली काढून आणली. रेशनवरचं रॉकेल गेलं तरी ती त्यांनी अशाच एखाद्या प्रसंगासाठी राखून ठेवली होती. बायको म्हणाली, "शिलाई मशीनचं तेल चालत नाही का?" तिचं बरोबर होतं. मला ते कळायला आठ महिने लागले आणि कबूल करायला आणखी चार.

वंगणाच्या बाबतीत हा देश तसा हळवाच. नव्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांना गाईची चरबी लावलीय की डुकराची, यावरून १८५७ साली काय झालं ते आपण शाळेत पाठ केलं आहे. तेव्हा तेल निवडताना थोडं तारतम्य असू द्यावं.

ही मार्गदर्शिका कोणासाठी? पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, ते टीव्हीवर बघून ज्यांच्या खांद्यात कॉलेजातली एनसीसी पुन्हा जागी झाली, अशा माणसांसाठी. ५० मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे जेमतेम शर्टाच्या बटणाएवढं असतं. तिथे गोळी घालायची तर रायफल चांगली हवी, या निष्कर्षापर्यंत सगळेच पोचतात. मग परवाना, पोलिसांची चौकशी, कर्जाचे हप्ते हे सगळं पार पाडून पॉइंट टू-टू रायफल घरी येते आणि आपण हातात फडकं घेऊन तिच्याकडे बघत बसतो.

आता पहिली पायरी. इथे विनोद नाही. बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये बघा, करंगळीने चेंबरचं तोंड चाचपा, मग बोल्ट काढून बाजूला ठेवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. "रिकामीच आहे" असं कोणी म्हणालं तरी पुन्हा बघा. तुम्ही स्वतः म्हणालात तर दोनदा बघा.

यापुढे विनोद चालू.

साहित्यात सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे नळी साफ करायची दांडी. नवशिका नेमकी हीच स्वस्तातली घेतो, कारण खोक्यावरच्या चित्रात अठरा वस्तू असतात आणि अठरा म्हणजे दांडीपेक्षा सतरा जास्त. त्या खोक्यात तीन तुकड्यांची, आटे जुळवून लांब करायची ॲल्युमिनियमची दांडी असते. ॲल्युमिनियम मऊ, त्यात धुळीचे बारीक कण रुतून बसतात आणि दांडीची कानस होते. शिवाय दर जोडाला एक कड असते, ती नळीत घासते. म्हणजे आत गेलेली दांडी साफ करत नसते, तासत असते. घ्यायची ती एकसंध, पोलादाची, वरून प्लास्टिकसारख्या थराची दांडी, आणि दर फेरीनंतर ती फडक्याने पुसायची. मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी. पॉइंट टू-टूच्या नळीतले आटे साधारण १६ इंचांत एक वेढा घेतात. नळी २६ इंचांची असेल तर टोकाच्या चिंदीबरोबर दांडीलाही स्वतःभोवती दीड फेऱ्याहून जास्त फिरावं लागतं. मूठ घट्ट असेल तर तेवढं तुमचं मनगट फिरेल, नाहीतर चिंदी आटे सोडून घसरेल.

ज्यांना एनसीसीतला फुलथ्रू आठवतो, त्यांचा हात आपोआप दोरीकडे जातो. एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाच्या फाशात चिंदी. सोडली चेंबरमधून, ओढली तोंडातून. सामानात ठेवायला छान. पण दोरी जरा तिरकी ओढली की नळीच्या तोंडाशी एकाच जागी घासते. विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोरानं जसा चर पडतो, तसाच इथेही पडतो. आणि तोंड ही रायफलीची सर्वांत नाजूक जागा. गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श तिथे होतो. तिथली कड एका बाजूला झिजली तर मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि जाता जाता गोळीला धक्का देऊन जातो. म्हणून दांडीसुद्धा चेंबरकडून तोंडाकडे, गोळीच्याच वाटेने घालायची. तोंडातून चिंदी बाहेर आली की ती काढून टाकायची आणि मोकळी दांडी मागे घ्यायची. मळकी चिंदी परत आत ओढणं म्हणजे केर दारापर्यंत नेऊन पुन्हा माजघरात आणणं.

चिंदी हा शब्दही पलटणीतलाच. .३०३ च्या जमान्यात फ्लॅनेलची चार इंच बाय दोन इंचाची पट्टी असे आणि 'फोर बाय टू' एवढं म्हटलं तरी पुरे. पॉइंट टू-टूच्या ५.६ मिलिमीटरच्या नळीला एवढं कापड म्हणजे मांजराच्या तोंडाला पोत्याचं बूच. इथे इंचभराचा चौकोन पुरतो. विकतच्या चिंद्या मिळतात. पण मराठी घरात जुनी बनियन असताना कापड विकत आणण्याइतकं मन मोठं होत नाही. माझंही झालं नाही. बनियन विणीच्या कापडाची असते, ती दाबली की आकसते आणि सोडली की फुगते, हे मी अगदी निवांतपणे दुर्लक्षिलं. चौकोन जरा मोठाच कापला. दांडी अर्ध्यावर गेली आणि थांबली. पुढे जाईना, मागे येईना. अण्णा हातोडी घेऊन आले.

दांडी अडकली असताना काय करू नये याची यादी तिथेच संपते. गोळी झाडून चिंदी बाहेर काढण्याची कल्पना कोणी मांडली, तर त्या माणसाला घराबाहेर काढा. बंद नळीत झाडलेली गोळी नळी फोडते.

रायफल पिशवीत तशीच, दांडीसकट, घेऊन मी रेंजवर गेलो. तिथे एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एक डोळा मिटला.

"काय वो सायेब, ही नळी हाय का मोरी?"

"चिंदी अडकली, सुभेदारसाहेब."

"चिंदी न्हाई ही. अख्खी बनेल हाय."

त्यांनी चेंबरमधून थोडं पातळ तेल सोडलं, चहा मागवला, चहा संपेपर्यंत रायफलीकडे पाठ केली, मग मूठ धरून सरळ रेषेत एक बेताचा झटका दिला. बनियन बाहेर आली. त्यांनी ती दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली आणि माझ्याकडे दिली. "रायफल नवी कोरी. साफ करायची घाई रायफलीला न्हवती, तुम्हाला होती."

तसं म्हटलं तर एका कामाची घाई असते. कारखान्यातून निघताना नळीत गंज धरू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो न काढता गोळी झाडू नये. दोन-तीन कोऱ्या चिंद्या, एखादी सॉल्व्हंटची, पुन्हा कोऱ्या, बस्स. यापुढे जे काही कराल, त्याआधी एकदा चहा मागवावा.

आता तेलं. एका बाटलीने काजळी सुटते, दुसरीने गंज थांबतो, आणि ही दोन कामं वेगळी आहेत, एवढं लक्षात ठेवलं तर दुकानदाराचा अर्धा धंदा बसतो. अण्णांचं रॉकेल पहिलं काम बरं करतं, पण मागे संरक्षण म्हणून काही ठेवत नाही. निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० तर मुळात वंगण म्हणून जन्मलंच नाही. १९५३ साली पाणी हटवणारं मिश्रण बनवण्याचा हा म्हणे चाळिसावा प्रयत्न, आणि लावलं ते ॲटलस क्षेपणास्त्राला. भिजलेली रायफल पुसायला ठीक. वर्षभर त्याच्याच भरवशावर ठेवायला नाही. तांबं काढणारी अमोनियाच्या वासाची बाटली मीही आणली होती. तिने घरातल्या सर्वांचे डोळे पाणावले. पॉइंट टू-टूची मॅचची गोळी मऊ शिशाची असते, वर मेणाचा किंवा ग्रीसचा हात फिरवलेला. तांब्याचं कवच तिला नसतंच. नसलेलं तांबं मी तीन दिवस काढत होतो.

खोबरेल थंडीत थिजतं, आणि एरंडेल काय किंवा तीळतेल काय, हवा लागली की कालांतराने चिकट होतं. कढई महिनाभर न घासता ठेवली की कडेला जो राप धरतो, तोच बोल्टमध्ये धरतो. वनस्पतीचं तेल रायफलीला चालत नाही, या नियमाला एकच अपवाद: जवस. ते वाळतं, म्हणूनच नळीला शत्रू आणि अक्रोडाच्या दस्त्याला मित्र. तळहातावर चार थेंब घ्यायचे आणि लाकूड गरम लागेपर्यंत चोळायचं. थर जितका पातळ तितका चांगला. काम झाल्यावर जवसाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तेल तापतं आणि बोळ्यातली ऊब बाहेर न पडल्यास फडकं आपलं आपण पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा. शेजारी विचारतील, सांगा चटणीचं आहे.

ट्रिगरला तेल घालू नका. आपला हात शिवशिवतो, बाटलीला लांब चोच असते आणि ट्रिगरशेजारी नेमकी फट असते, हे सगळं खरं. तरीही नाही. तेलात धूळ बसते आणि पुढच्या मॅचला ट्रिगर सरकारी फाइलसारखा सरकतो.

किती वेळा साफ करायचं, यावर दोन नेमबाजांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. कोणी दर मॅचनंतर, कोणी पाचशे गोळ्यांनी, कोणी रायफल तक्रार करेल तेव्हा. मला पटलेलं उत्तर मात्र स्वयंपाकघरातलं आहे. बिडाचा तवा राखेने घासून लख्ख केला की पहिली दोन घावनं चिकटतात. तेल मुरलं की मग सुटू लागतात. या नळीचंही तसंच. शिशावरचं वंगण नळीत सारखं पसरलं की गोळ्या एका जागी पडू लागतात. तुम्ही सगळं खरवडून काढलंत की पुढच्या दहा-वीस गोळ्या नळी पुन्हा मुरवण्यात जातात. मी मॅचच्या आदल्या रात्री नळी आरशासारखी केली होती. सकाळच्या पहिल्या गोळ्या कुठे गेल्या ते शेजारच्या लेनवाल्याला विचारा, त्याच्या टार्गेटवर एक जास्त होती.

पण याचा अर्थ "साफच करू नका" असा घेऊ नये. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्याने तो प्रयोग करून पाहिला आहे. एम-१६ ला फारशी सफाई लागत नाही अशी समजूत पसरली, साफसफाईचं सामान पुरेसं पोचलं नाही, त्यातच काडतुसातली दारू बदललेली. रायफली ऐन चकमकीत अडकू लागल्या. पुढे चेंबरला क्रोमचा मुलामा आला, आणि जवानांनी वाचावी म्हणून रायफल साफ करण्याची पुस्तिका चक्क विल आयस्नर या कॉमिक्सवाल्याकडून चित्रांसकट काढून घेतली. पॉइंट टू-टूमध्येही चेंबरच्या तोंडाशी काजळीचं कडं जमतं. तेवढी जागा सॉल्व्हंटच्या चिंदीने आणि जरा वेळ देऊन सोडवायची. वेळ देऊन, म्हणजे सॉल्व्हंटला. तुमच्या दंडाला नव्हे.

चिंद्या शिशाने काळ्या होतात. त्या हाताने पोहे खाऊ नका, साबणाने हात धुवा. आणि हे काम ओट्यावर करू नका. का, ते घरचे सांगतील.

मुंबईत वरळीच्या बाजूला राहणाऱ्यांनी जूनपासून वेगळं पंचांग धरावं. खारी दमट हवा रात्रीत काम करते. घामट बोट नळीला लागलं तर ठसा उमटतो तो आधारच्या यंत्रापेक्षा स्पष्ट. हाताळून झाली की बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसायची. फोमच्या पेटीत कायमची झोपवायची नाही, फोम ओल धरतो. कपाटात तोंड खाली करून उभी ठेवली तर जास्तीचं तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. झाडण्याआधी नळीत कोरी चिंदी, म्हणजे पहिली गोळी तेलावरून घसरत नाही.

एवढं सगळं शिकलो आणि खंडेनवमी आली. आईने पाट मांडला, रायफल ठेवली, झेंडू वाहिला. ओल्या अंगठ्याने नळीवर कुंकू टेकवलं. परतीचा पाऊस होता, दसऱ्याची गडबड होती, पाट तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी कुंकू पुसलं तर खाली त्याच आकाराचा, तेवढाच गंजाचा टिळा. बारीक स्टील वूल आणि तेलाने घासलं. निळसर रंगही गेला आणि टिळाही बराच गेला. तो उरलेला बघून सुभेदारसाहेब काही बोलले नाहीत. चहा तेवढा त्यांनी दोन मागवले.

यंदा मी पाटावर दांडी ठेवली. आईने विचारलं, "ही कसली पूजा?" म्हटलं, खरं हत्यार हेच. तिने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. दांडीवर प्लास्टिकचा थर आहे.